कमी ऑक्सिजनमध्ये पेशी कोणती जनुकं चालू करते: एचआयएफचा प्रयोग, आराखड्यापासून पुराव्यापर्यंत

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एचआयएफ-१ अल्फा (एचआयएफ म्हणजे हायपॉक्सिया-इंड्यूसिबल फॅक्टर) नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं आणि तयार होताच मोडीत निघत असतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटांच्याही आत असतं. ऑक्सिजन घटला की हे मोडणं थांबतं, प्रथिन साठू लागतं, केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकांचं काम वाढवतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारी जनुकं असतात, ग्लुकोज आत ओढून घेणारी असतात आणि ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायची सोय करणारीही असतात.

जैवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पेशी वाढवता येतात, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची पद्धत) आणि क्यूपीसीआर (एमआरएनए मोजण्याची पद्धत) येतं, पण हायपॉक्सियाचा, म्हणजे कमी ऑक्सिजनचा, प्रयोग पहिल्यांदा करताना तो फसतो. फसण्याचं कारण बहुतेक वेळा अँटिबॉडीत किंवा प्रायमरमध्ये नसतं. एक तर पेशीला कमी ऑक्सिजन मिळालेलाच नसतो, नाहीतर मिळालेला असूनही पेशी फोडण्याआधीच सगळं प्रथिन नाहीसं झालेलं असतं. म्हणून या लेखात मी याच दोन टप्प्यांवर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

एरिथ्रोपोएटिन हे लाल रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक. ऑक्सिजन कमी झाला की त्याचं जनुक जोरात चालतं हे ठाऊक होतं, पण ते नेमकं कोण चालवतं हे कळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ग्रेग सेमेन्झा यांनी या जनुकाजवळचा डीएनएचा एक छोटा तुकडा शोधला आणि त्या तुकड्याला चिकटणाऱ्या प्रथिनाला एचआयएफ-१ असं नाव दिलं. १९९५ मध्ये त्याचे अल्फा आणि बीटा हे दोन्ही घटक ओळखले गेले. बीटा घटक, ज्याला एआरएनटी असंही म्हणतात, पेशीत कायम असतो. येतो आणि जातो तो अल्फा.

१९९९ मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने दाखवलं की अल्फा मोडायला व्हीएचएल हे प्रथिन लागतं. व्हीएचएलच्या जनुकात दोष असला की मूत्रपिंडाचे आणि इतर अवयवांचे ट्यूमर होतात, हे त्याआधीच माहीत होतं. मग व्हीएचएलला अल्फा ओळखू कसा येतो, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर २००१ मध्ये मिळालं, आणि रॅटक्लिफ यांचा गट व बोस्टनचा विल्यम केलिन यांचा गट यांनी ते एकाच वेळी प्रसिद्ध केलं. पीएचडी (प्रोलिल हायड्रॉक्सिलेज) नावाची एन्झाइम्स अल्फावरच्या दोन प्रोलिनवर, ४०२ आणि ५६४ या क्रमांकांवर, हायड्रॉक्सिल गट बसवतात. त्या खुणेवर व्हीएचएल येऊन चिकटतं, युबिक्विटिनची साखळी लागते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, अल्फाचा फडशा पाडतं. सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रयोगाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की पीएचडीला काम करायला चार गोष्टी लागतात: ऑक्सिजन, टू-ऑक्सोग्लुटारेट, फेरस लोह आणि ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्व. यातलं काहीही कमी पडलं तरी अल्फा साठतो. म्हणजे ऑक्सिजनला हात न लावताही एचआयएफ चढवता येतो. डेफेरॉक्सामाइनने लोह धरून ठेवा, डीएमओजीने टू-ऑक्सोग्लुटारेटची जागा अडवा, किंवा कोबाल्ट क्लोराइड घाला. ब्लॉटवर पट्टा दिसेल. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या ॲनिमियासाठी आलेली रॉक्साडुस्टॅट आणि भारतात झायडसने विकसित केलेलं, २०२२ मध्ये मंजुरी मिळालेलं डेसिडुस्टॅट ही औषधं याच एन्झाइमना थांबवतात.

दुसरं एक एन्झाइम आहे, एफआयएच. ते अल्फाच्या ८०३ क्रमांकाच्या ॲस्परॅजिनवर हायड्रॉक्सिल बसवतं. त्यामुळे अल्फा मोडत नाही, पण जनुक वाचण्यासाठी लागणारी सीबीपी आणि पी३०० ही मदतनीस प्रथिनं त्याला धरू शकत नाहीत. पीएचडीपेक्षा एफआयएच कमी ऑक्सिजनवरही काम करत राहतं. म्हणून ५ टक्के ऑक्सिजनवर प्रथिन थोडं साठलेलं दिसेल आणि तरी काही जनुकं जागची हलणार नाहीत, असं होऊ शकतं. निकाल वाचताना हे लक्षात ठेवा.

आराखडा: कोणत्या पेशी, किती वेळ, कोणते कंट्रोल

पहिल्या प्रयोगाला हेला किंवा हेप-जी२ घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून अशा पेशी मिळतात आणि दोन्हींचा प्रतिसाद भरवशाचा असतो. एरिथ्रोपोएटिनचंच जनुक पाहायचं असेल तर हेप३बी घ्या. जमलं तर आरसीसी४ या मूत्रपिंडाच्या ट्यूमरच्या पेशीही मिळवा. त्यांच्यात काम करणारं व्हीएचएल नाही, त्यामुळे साध्या हवेतही एचआयएफ-१ आणि त्याचं भावंड एचआयएफ-२ या दोन्हींचे अल्फा भरपूर असतात. त्यांचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) प्रत्येक ब्लॉटवर एका लेनमध्ये लावला की अँटिबॉडी चालते का हा प्रश्न कायमचा मिटतो. ७८६-ओ या पेशीही व्हीएचएलविना आहेत, पण त्यांच्यात एचआयएफ-१ अल्फाच नाही, फक्त एचआयएफ-२ अल्फा आहे. एचआयएफ-१ च्या कंट्रोलसाठी त्या चुकून वापरू नका.

वेळा ठरवताना प्रथिन आणि जनुक यांची वेळापत्रकं वेगळी आहेत हे धरून चला. एचआयएफ-१ अल्फा तासाभरात दिसू लागतो आणि साधारण चार ते आठ तासांत भरात असतो. पुढे तो बऱ्याचदा उतरतो, कारण पीएचडी२ आणि पीएचडी३ ही एन्झाइम्स स्वतःच एचआयएफच्या हुकमाखाली असतात आणि वाढत जातात. एचआयएफ-२ अल्फा जास्त वेळ टिकतो. लक्ष्य जनुकांचा एमआरएनए सहा तासांपासून चढतो. सीए९ सारखं जनुक तर १६ ते २४ तासांनी खरं उठून दिसतं. २४ तासांना एकच ब्लॉट करून 'आमच्या पेशीत एचआयएफ येत नाही' असा निष्कर्ष काढलेला मी बरेचदा पाहिला आहे.

तेव्हा ०, १, ४, ८ आणि २४ तास अशा डिश ठेवा. त्यांच्या जोडीला साध्या हवेत सहा तास डीएमओजी (१ मिलिमोलर) दिलेली एक डिश हवी. शिवाय चार तास हायपॉक्सियात ठेवून मग ५, १५ आणि ३० मिनिटं हवेत परत आणलेल्या तीन डिश ठेवा. या शेवटच्या तीन डिश लोक टाळतात. तुम्ही टाळू नका. पट्टा मिनिटागणिक फिका होताना दिसला की तो एचआयएफच आहे आणि तो ऑक्सिजनलाच प्रतिसाद देतोय याचा पुरावा आपोआप मिळतो.

कोबाल्ट क्लोराइड (१०० ते २०० मायक्रोमोलर) स्वस्त म्हणून बरेच जण त्यावरच पूर्ण काम उरकतात. अँटिबॉडी तपासायला ते ठीक आहे. पण कोबाल्ट विषारी आहे, पेशीत इतर अनेक गोष्टी बिघडवतं, आणि त्यात पेशीचा ऑक्सिजन मुळीच कमी झालेला नसतो. कोबाल्टवर मिळालेल्या निकालाला हायपॉक्सिया म्हणू नका. त्याचा उरलेला द्राव सिंकमध्येही ओतू नका, जड धातूंच्या कचऱ्यात द्या.

ऑक्सिजन पेशीपर्यंत खरंच कमी होतोय का

आधी 'नॉर्मॉक्सिया' या शब्दाकडे पाहू. आपण २१ टक्के म्हणतो, पण इनक्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर वाफ असते, त्यामुळे तिथे ऑक्सिजन साधारण १८.६ टक्के असतो. शरीरात बहुतेक अवयवांच्या पेशी १ ते १० टक्क्यांच्या दरम्यान जगतात. म्हणजे आपला कंट्रोल हाच पेशीच्या दृष्टीने अतिश्रीमंत आहे. तो बदलायची गरज नाही, फक्त अहवालात आकडा नीट लिहा.

उंचीचाही थोडा फरक पडतो. समुद्रसपाटीला, वाफेचा ४७ मिलिमीटर दाब वजा करून, १ टक्का म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ७.१ मिलिमीटर इतका ऑक्सिजनचा दाब. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे हाच १ टक्का सुमारे ६.७ मिलिमीटर होतो. मुंबई-पुण्यातल्या निकालांची तुलना करताना एवढा फरक सोडून देता येईल, पण लेहसारख्या ठिकाणी काम असेल तर टक्क्यांऐवजी दाबच लिहावा लागेल.

आता माध्यमाची खोली. वायूच्या भागात १ टक्का झाला तरी पेशी द्रवाच्या तळाशी चिकटलेल्या असतात, आणि ऑक्सिजन द्रवातून सावकाश सरकतो. ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये २ मिलिलिटर माध्यम घातलं की खोली सुमारे २ मिलिमीटर होते. ३७ अंशांना पाण्यात ऑक्सिजनचा विसरण गुणांक सेकंदाला साधारण ३ गुणिले १० चा उणे पाचवा घात चौरस सेंटिमीटर. खोलीचा वर्ग भागिले दोन गुणिले हा गुणांक, असा हिशेब केला तर ११ मिनिटं येतात. टी-२५ फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर घातलं तर खोली ४ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट, पण वेळ चौपट: ४४ मिनिटं. प्रत्यक्षात याहून जास्त लागतो, कारण पॉलिस्टायरिनच्या प्लास्टिकमध्ये मुरलेला ऑक्सिजन माध्यमात परत येत राहतो. आदल्या रात्रीचं, हवेत ठेवलेलं माध्यम घालून डिश चेंबरमध्ये ठेवली आणि तासाभराने पेशी फोडल्या, तर 'एक तास हायपॉक्सिया' हा शब्द निव्वळ नावापुरता उरतो.

त्यावर उपाय सोपा आहे. लागणारं माध्यम मोठ्या डिशमध्ये पातळ थरात ओतून रात्रभर चेंबरमध्येच ठेवा. प्रयोगाच्या वेळी पेशींवरचं जुनं माध्यम काढून हे घाला. पीबीएसची (पेशी धुण्याच्या खारट बफरची) बाटलीही झाकण सैल करून तिथेच ठेवा. कंट्रोल डिशचं माध्यमही त्याच क्षणी बदला, मात्र साध्या हवेत ठेवलेलं घाला. ताज्या सीरममधल्या वाढ-घटकांनी एचआयएफ-१ अल्फाची निर्मिती वाढू शकते. फक्त हायपॉक्सियाच्या डिशला नवं माध्यम मिळालं तर दिसणारा फरक कशाचा, हे सांगता येणार नाही.

माध्यम कोणतं हेही बघा. डीएमईएम आणि आरपीएमआय-१६४० मध्ये क जीवनसत्त्व नसतं, अल्फा-एमईएममध्ये असतं, लिटरला ५० मिलिग्रॅम. पीएचडीला ॲस्कॉर्बेट लागतं, म्हणून ही दोन माध्यमं एकाच प्रयोगात मिसळू नका.

तिसरी गोष्ट पेशींची दाटी. पेशी स्वतः ऑक्सिजन खातात. गच्च भरलेल्या डिशमध्ये खोल माध्यमाखाली, साध्या इनक्युबेटरमध्येसुद्धा, तळाशी ऑक्सिजन इतका घटू शकतो की कंट्रोलमध्येच एचआयएफचा पट्टा येतो. ३५ मिलिमीटरच्या डिशला साधारण ३ लाख हेला पेशी लावा आणि दुसऱ्या दिवशी ६० ते ७० टक्के भरल्यावर प्रयोग करा. सगळ्या डिश एकाच दिवशी, एकाच मोजणीतून लावा. २४ तासांच्या डिशमध्ये माध्यम पिवळं पडलेलं दिसलं तर पेशींना ऑक्सिजनबरोबर आम्लाचा आणि ग्लुकोजच्या तुटवड्याचाही त्रास झालाय असं समजा आणि पुढच्या वेळी पेशी कमी लावा.

हायपॉक्सिया वर्कस्टेशन असेल, म्हणजे आत हात घालून काम करता येणारी पेटी, तर उत्तमच. बहुतेक विभागांत ती नसते. मग घट्ट बंद होणारा, दोन नळ्यांचा प्लास्टिक चेंबर आणि १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन असं तयार मिश्रणाचं सिलिंडर वापरा. चेंबरमध्ये तळाला निर्जंतुक पाण्याची उघडी डिश ठेवा, नाहीतर कोरडा वायू माध्यम सुकवतो. मिनिटाला २० लिटरने चार-पाच मिनिटं वायू सोडा, दोन्ही नळ्या चिमट्याने बंद करा आणि चेंबर ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवा. तासाभराने बाहेर काढून पुन्हा तसाच वायू सोडा; माध्यमातून आणि प्लास्टिकमधून निघालेला ऑक्सिजन या दुसऱ्या फेरीत बाहेर जातो. ही दुसरी फेरी विसरली तर आतला आकडा १ टक्क्यावर राहत नाही. आत एक छोटा ऑक्सिजन सेन्सर ठेवता आला तर जरूर ठेवा आणि त्याचं कॅलिब्रेशन हवेत आणि शुद्ध नायट्रोजनमध्ये, दोन्हीकडे करा.

अशा चेंबरची एक अडचण आधीच ओळखा. एका वेळेची डिश काढायला तो उघडला की उरलेल्या सगळ्या डिशना हवा लागते. म्हणून प्रत्येक वेळेला वेगळा चेंबर घ्या, किंवा एकच चेंबर असेल तर वेगवेगळ्या दिवशी एकेक वेळ करा आणि दर वेळी त्या दिवसाची कंट्रोल डिश सोबत ठेवा.

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत सिलिंडर गळत राहिलं तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. चेंबरमधून बाहेर पडणारा वायू खेळत्या हवेच्या जागी सोडा, सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा आणि रात्री एकट्याने हे काम करू नका.

पेशी फोडणं: इथे घाई हवी

वर्कस्टेशन असेल तर डिश बाहेर काढूच नका, आतच फोडा. चेंबर असेल तर सगळी तयारी आधी करा: बर्फाचा ट्रे, त्यावर थंड केलेली धातूची पाटी, नावं लिहिलेल्या ट्यूब, भरून ठेवलेलं पिपेट, स्क्रेपर. चेंबर उघडला की डिश थेट थंड पाटीवर ठेवा, माध्यम ओढून घ्या, थंड पीबीएसने एकदाच धुवा आणि लगेच फोडणारा बफर घाला. उघडल्यापासून बफर पडेपर्यंत एक मिनिट, फार तर दीड. एका माणसाने एका वेळी दोनच डिश हाताळाव्यात. सहा डिश ओळीने मांडल्या तर सहाव्या डिशला मिळालेली हवा पहिलीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि ब्लॉटवर तो उतार तुम्हाला जीवशास्त्र वाटू लागतो.

माझी पसंती गरम एसडीएस बफरला आहे: २ टक्के एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ६.८, १० टक्के ग्लिसरॉल. त्यात डीटीटी (प्रथिनांतले सल्फर-बंध तोडणारं रसायन) आणि निळा रंग आत्ता घालू नका. ३५ मिलिमीटरच्या डिशला १५० मायक्रोलिटर पुरतं. एसडीएस पडताच पीएचडी, प्रोटिएज, प्रोटिअसोम सगळेच निकामी होतात, त्यामुळे घड्याळ तिथेच थांबतं. चिकट गोळा स्क्रेपरने ओढून ट्यूबमध्ये घ्या, ९५ अंशांना पाच मिनिटं ठेवा आणि बारीक सुईतून दहा-बारा वेळा खालीवर करा, म्हणजे डीएनए तुटून द्राव पातळ होतो. प्रथिन बीसीए पद्धतीने मोजा. ब्रॅडफर्ड एसडीएसबरोबर चालत नाही आणि बीसीए डीटीटीबरोबर चालत नाही, म्हणूनच डीटीटी मोजणीनंतर घालायचं.

इम्युनोप्रेसिपिटेशनसारख्या कामाला सौम्य बफर लागत असेल तर तो बर्फासारखा थंड ठेवा आणि त्यात प्रोटिएज इनहिबिटरबरोबर डेफेरॉक्सामाइन (१०० मायक्रोमोलर) आणि प्रोटिअसोम थांबवणारं एमजी-१३२ (१० मायक्रोमोलर) घाला. तरीही नुकसान थोडं होतंच.

आरएनएसाठी वेगळी डिश ठेवा आणि माध्यम काढून ट्रायझॉलसारखं द्रावण थेट त्यावर घाला. आधी ट्रिप्सिनने पेशी सोडवून, धुवून, मग आरएनए काढण्याची सवय इथे मोडा. त्या वीस मिनिटांत पेशी पुन्हा हवेची झालेली असते.

वेस्टर्न ब्लॉट

एचआयएफ-१ अल्फाचं वजन क्रमावरून ९३ किलोडाल्टन येतं, पण जेलवर तो ११० ते १२० च्या आसपास, जरा पसरट पट्ट्यासारखा दिसतो. ९३ ला सुबक रेघ दिसली म्हणून खूश होऊ नका. ७.५ टक्क्यांची जेल घ्या, लेनला ३० ते ५० मायक्रोग्रॅम लावा आणि ट्रान्सफर ओल्या पद्धतीने पीव्हीडीएफवर करा. मानवी पेशींसाठी 'क्लोन ५४' ही मोनोक्लोनल अँटिबॉडी बरीच वापरात आहे.

लोडिंग कंट्रोलमध्ये मात्र बरेच जण अडकतात. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसचं एन्झाइम आहे आणि अनेक पेशींत हायपॉक्सियाने वाढतं, त्यामुळे ते इथे चालत नाही. विन्क्युलिन सुमारे ११७ किलोडाल्टनचं, म्हणजे बरोबर एचआयएफच्याच जागेवर. ट्यूब्युलिन घ्या, किंवा सगळ्यात चांगलं म्हणजे पडद्यावरच्या एकूण प्रथिनाचा रंग. एचआयएफ-१ बीटाचाही एक ब्लॉट करा. तो बहुतेक पेशींत सगळ्या लेनमध्ये सारखा राहतो.

क्यूपीसीआर

एचआयएफ चढला का हे बघायला एचआयएफ१ए जनुकाचा एमआरएनए मोजू नका. नियंत्रण प्रथिन मोडण्याच्या पातळीवर आहे, एमआरएनए बहुधा तेवढाच राहतो, उलट काही पेशींत दीर्घ हायपॉक्सियात कमीही होतो. मोजायची ती लक्ष्य जनुकं. सीए९, पीडीके१ आणि बीएनआयपी३ मुख्यतः एचआयएफ-१ कडे झुकतात. एरिथ्रोपोएटिन एचआयएफ-२ कडे. व्हीईजीएफए, एसएलसी२ए१ आणि ईजीएलएन३ (पीएचडी३ चं जनुक) सर्वसाधारण खूण म्हणून चांगली. संदर्भ जनुक म्हणून इथेही जीएपीडीएच नको. आरपीएलपी० आणि टीबीपी ही दोन घ्या आणि कच्चे सीटी आकडे (कितव्या चक्राला संकेत दिसतो ते) हायपॉक्सियात हलत नाहीत ना, हे तुमच्याच पेशीत तपासा.

हिशेब एकदा हाताने करा. समजा सीए९ चा सीटी हवेत ३०.२ आणि हायपॉक्सियात २५.१ आला, आणि आरपीएलपी० चा १७.९ आणि १८.०. मग हवेतला फरक १२.३, हायपॉक्सियातला ७.१. दोन्हींतला फरक ५.२, आणि २ चा ५.२ वा घात म्हणजे सुमारे ३७ पट. संख्याशास्त्रीय चाचणी मात्र या ३७ वर करू नका, १२.३ आणि ७.१ अशा फरकांवर करा, आणि तीन स्वतंत्र प्रयोगांतून करा. एकाच डिशमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

लुसिफरेज रिपोर्टर वापरणार असाल तर लायसेट हवेत मोजला की अडचण येत नाही, पण जिवंत पेशीत, चेंबरच्या आत मोजायचं असेल तर लुसिफरेजला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. जीएफपीचंही तसंच आहे: त्याचा चमकणारा भाग पक्व व्हायला ऑक्सिजन हवा. हायपॉक्सियात जीएफपी फिका दिसला म्हणजे जनुक बंद आहे असं ठरवू नका.

हे एचआयएफमुळेच झालं, हे कसं दाखवायचं

जनुक हायपॉक्सियात वाढलं एवढ्यावरून ते एचआयएफचं लक्ष्य ठरत नाही. पहिला पुरावा नॉकडाउनचा. एचआयएफ-१ अल्फा, एचआयएफ-२ अल्फा आणि एचआयएफ-१ बीटा यांचे सायआरएनए (त्या-त्या जनुकाचा एमआरएनए मोडायला लावणारे छोटे आरएनए) वेगवेगळ्या डिशना द्या, ४८ तासांनी हायपॉक्सियात ठेवा आणि तीच जनुकं मोजा. बीटा गेला की दोन्ही अल्फा पांगळे होतात, म्हणून तो सर्वात स्वच्छ कंट्रोल. प्रत्येक सायआरएनएचे दोन वेगळे क्रम वापरा.

दुसरा पुरावा क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनचा, म्हणजे प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते पकडण्याचा. एचआयएफ ज्या क्रमाला चिकटतं त्याचा गाभा आरसीजीटीजी, यात पहिलं अक्षर ए किंवा जी. पाच अक्षरांचा हा क्रम जनुकसंचात प्रचंड ठिकाणी सापडतो, पण एचआयएफ त्यातल्या अगदी थोड्यांवर बसतं, बहुतांशी क्रोमॅटिन आधीच उघडं असेल तिथे. म्हणून संगणकावर क्रम सापडला हा पुरावा नव्हे. १ टक्का फॉर्मल्डिहाइड पेशींवर चेंबरमधून काढल्या-काढल्या, शक्यतो आतच घाला, दहा मिनिटांनी १२५ मिलिमोलर ग्लायसिनने थांबवा, आणि सोनिकेशनने तुकडे २०० ते ५०० अक्षरांचे करा. सीए९ चा एचआयएफ-क्रम जनुकाच्या सुरुवातीच्या बिंदूला अगदी लागून आहे, त्यामुळे पहिला प्रयत्न तिथेच करा. तुलनेला साधी आयजीजी (एचआयएफ न ओळखणारी अँटिबॉडी) आणि जवळपास असा क्रम नसलेला एक भाग, दोन्ही लागतील. निकाल इनपुटच्या टक्क्यात लिहा.

बिनसलं तर

हायपॉक्सियाच्या लेनमध्ये पट्टा नाही आणि डीएमओजीच्या लेनमध्ये आहे: अँटिबॉडी ठीक, दोष चेंबरमध्ये नाहीतर पेशी फोडण्याच्या वेगात. सेन्सर बघा, दुसरी वायूफेरी दिली का आठवा. दोन्हींत नाही पण आरसीसी४ मध्ये आहे: कमी प्रथिन लावलंय किंवा डीएमओजी जुनं झालंय. आरसीसी४ मध्येही नाही: ट्रान्सफर किंवा अँटिबॉडी.

कंट्रोलमध्येच पट्टा: पेशी जास्त दाट, माध्यम खोल, किंवा पेशीतच व्हीएचएलचा दोष.

प्रथिन दिसतं पण जनुकं हलत नाहीत: आधी वेळ तपासा, चार तासांना सीए९ शोधत असाल तर थांबा. मग ऑक्सिजन किती होता ते बघा. ३ ते ५ टक्क्यांवर एफआयएच अजून जागं असतं. १ टक्क्यावर किंवा त्याखाली पुन्हा करा. तसं असेल तर डीएमओजीच्या डिशमध्ये तीच जनुकं चढलेली दिसतील, कारण डीएमओजी एफआयएचलाही थांबवतं, आणि रॉक्साडुस्टॅटच्या डिशमध्ये तेवढी चढणार नाहीत, कारण ते मुख्यतः पीएचडीलाच थांबवतं.

आणि बीटाचं नॉकडाउन चोख असूनही एखादं जनुक हायपॉक्सियात तसंच बदलत राहिलं, तर ते प्रायमरच्या माथी मारून मोकळे होऊ नका. हिस्टोनवरचे मिथाइल गट काढणारी केडीएम५ए आणि केडीएम६ए ही एन्झाइम्सही ऑक्सिजनवर चालतात आणि एचआयएफची वाट न पाहता क्रोमॅटिन बदलतात, हे २०१९ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं. ठेवून दिलेल्या त्याच एसडीएस लायसेटमध्ये एच३के४एमई३ आणि एच३के२७एमई३ (एच३ या हिस्टोनवरच्या मिथाइल खुणा) यांचे ब्लॉट करा. एकूण एच३ तेवढंच राहून या खुणा तासाभरात वाढलेल्या दिसल्या, तर पुढचा सायआरएनए केडीएमचा मागवा.